भरपाईचा माणूस

१

प्रेताला मुंडकं नव्हतं, तरी ते कुणाचं आहे याबद्दल कुणालाच शंका आली नाही.

बंधाऱ्याच्या फळीला अडकून ते पडलं होतं, अर्धं पाण्यात आणि अर्धं आमच्या कामिदा गावाच्या बाजूच्या चिखलात. अंगात निळा तागाचा सदरा होता आणि डाव्या खांद्यावर करड्या कापडाचं ठिगळ. ते ठिगळ दोन्ही गावांच्या ओळखीचं. खालच्या शिमोदा गावचा पाणीराख्या गेनता सगळा उन्हाळा तोच सदरा घालून बंधाऱ्यावर बसायचा आणि आमच्या पाटाला पाणी सोडताना असं तोंड करायचा, जणू त्याचं रक्तच सोडतोय.

मी तोरा. सोयाबीन आंबवून मिसो घालते आणि विकते. त्या सकाळी मी पिंपं विसळायला ओढ्यावर गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. गेनताची आई कामे धावत आली. तिने ठिगळावर हात ठेवला, "माझाच आहे," म्हणाली आणि प्रेतावर गोणपाट टाकलं. लढायांनी तिचे दोन मुलगे आधीच खाल्ले होते. हा तिसरा आणि शेवटचा. मला तिच्याकडे बघवेना.

तिचा दीर दोसाई हा शिमोदाचा प्रमुख. तो ओढ्यापलीकडूनच गरजला, "काल तुमचा तोझो काय म्हणाला होता, ऐकलंय ना सगळ्यांनी?"

ऐकलं होतं. तोझो म्हणजे आमच्या तरण्या पोरांचा म्होरक्या. आदल्या दिवशी पाण्यावरून भांडताना तो सगळ्यांसमक्ष ओरडला होता, "गेनत्या, एक दिवस तुझं मुंडकं उडवीन!" तोंडाला कुलूप नसलं की असं होतं.

आमच्याकडची रीत अशी. एका गावाने दुसऱ्या गावचा माणूस मारला, तर खुनी कोण हे शोधत बसायचं नाही. शोधायला गेलं की भाले निघतात, आणि मग थांबत नाहीत. राजधानीत दोन सरदार भांडले आणि सगळं शहर जळून गेलं, ते आम्ही विसरलो नव्हतो. म्हणून मारणाऱ्या गावाने एक माणूस भरपाई म्हणून द्यायचा. तो खुनीच असायला हवा असं नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी त्याचं तोंड बघायचं आणि सोडायचं की मारायचं ते ठरवायचं. बहुतेक वेळा सोडून देतात. बहुतेक वेळा.

आमच्या पंचांनी भरपाईला हिकोजीला निवडलं. निवडणारच. हिकोजी राजधानीतला पंखे बनवणारा. आगीतून लेकीला पाठीवर घेऊन पळत आला आणि माझ्या पिंपांच्या कोठारात राहिला. इतकी वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी तो उपराच. सरपण तोडायचं तर विचारून, विहिरीवर पाणी भरायचं तर सगळ्यांचं झाल्यावर. पंच त्याला म्हणाले, तू जा, मग तुझ्या सायाला गावात घर देऊ, विहीर देऊ, देवळात जागा देऊ. तो लगेच हो म्हणाला.

"अरे मेल्या, मान आहे ती, मुळा नाही!" मी ओरडले.

"काकी, राजधानीतून येताना घर सुटलं, दुकान सुटलं, बायको सुटली. ही मान तेवढी कशीबशी आणली," हिकोजी हसत म्हणाला. "सायाला गाव मिळत असेल तर वाईट काय? आणि ते सोडतातच की."

तेवढ्यात दोसाईचा निरोप आला. परवा सकाळी माणूस बंधाऱ्यावर आणा. आम्ही त्याचं तोंड बघणार नाही, मान बघणार.

२

मी तडक टेकडीवर म्योशुनमाईंकडे गेले. म्योशुनमाई म्हणजे आमच्या मठीतल्या संन्यासिनी. तोंडात दात मोजकेच, पण जीभ शाबूत. तरुणपणी त्या एका किल्ल्यात वेढ्यात अडकल्या होत्या. तिथे बायकांना काम काय, तर शत्रूची कापून आणलेली मुंडकी धुवायची, केस विंचरायचे आणि साध्या शिपायाचे दात काळे करायचे, म्हणजे तो बडा सरदार वाटावा आणि मारणाऱ्याला इनाम जास्त मिळावं. वेढा उठल्यावर माईंनी केस उतरवले ते कायमचे.

माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मुंडकं मिळालं का?"

"नाही."

"हं. लोक मुंडकं नेतात ते इनामासाठी. पाणीराख्याच्या मुंडक्याला इनाम कोण देतंय?" त्यांनी काठी उचलली. "चल. आधी त्या तोंडाळ पोराकडे."

तोझो गोठ्यामागे बसला होता. आम्हाला बघताच त्याने पाठीमागे काहीतरी सरकवलं.

"काल रात्रीपासून पहाटेपर्यंत कुठे होतास?" माईंनी विचारलं.

"घरी."

"तुझी आई आत्ताच म्हणाली, नव्हतास."

त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल होता, आणि आमच्या शिवारात तसला काळा चिखल नाही. तो शिमोदाचा.

"पाठीमागे काय आहे?" माई म्हणाल्या. "सरक."

तो सरकला. मागे टोपली होती, आणि टोपलीवरच्या ओल्या फडक्याखाली काहीतरी हललं.

३

मासे होते. चांगले जाडजूड मासे.

"शिमोदाच्या देवळाच्या तळ्यातले," तोझो मान खाली घालून म्हणाला. "जाळं टाकून बसलो होतो. माई, गावात सांगू नका. देवाचे मासे चोरले म्हणून आई घरात घेणार नाही."

"खुनी म्हणतात ते चालतं, मासेचोर नको!" मी म्हटलं.

"मी मारलं नाही काकी, आईशप्पथ!"

"मग हिकोजी तुझ्या तोंडापायी मरतोय, त्याचं काय?" माईंनी विचारलं.

"रीत आहे. मी काय करणार? पंचांनी ठरवलं."

"तोंड तू उघडायचं आणि मान त्याने द्यायची, छान रीत आहे." माईंनी एवढंच म्हटलं आणि वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला होता.

आता उरला कुमा. कुमा हा मोडतोडवाला. लढाई संपली की रणावर जाऊन चिलखतं, तलवारी, पागोटी, जे मिळेल ते वेचतो आणि विकतो. चार दिवस त्याने बंधाऱ्याजवळच्या बांबूच्या बनात मुक्काम टाकला होता. मुंडकं कसं कापायचं ते या भागात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आम्ही गेलो तेव्हा तो गाठोडी बांधून निघायच्या तयारीत होता. त्यातलं एक गाठोडं गोल होतं. माणसाच्या डोक्याएवढं. खालून काळपट लाल काहीतरी ठिबकत होतं.

"ते उघड," माई म्हणाल्या.

"माई, त्यात बघण्यासारखं काही नाही."

मी माईंच्या मागे लपले, खोटं कशाला सांगू. माईंनी काठीने गाठ सोडवली.

आतून माझंच पिंप निघालं! छोटं, गोल, झाकणावर माझी खूण असलेलं, आणि फटीतून माझ्या जुन्या मिसोचं पाणी गळतंय.

"चोरा! तीन उन्हाळे मुरवलाय तो!"

"तोराकाकी, रागावू नका. तुमच्या मिसोला तोड नाही म्हणून तर," कुमा दात काढून म्हणाला. आता यावर रागावणार तरी कसं?

माईंना हसू आलं नाही. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "कुमा, हे काम कुणाचं वाटतं तुला?"

"कुण्या अडाण्याचं," तो चटकन म्हणाला. "माई, मुंडकं नेणारा माणूस सदरा ठेवून जाईल? चांगला तागाचा सदरा, पोटऱ्यांच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी! आमच्या धंद्यात कुणी असं करत नाही."

"या भागात परका कुणी दिसला होता?"

त्याने डोकं खाजवलं. "एक भालेकरी दिसला होता. दूरच्या मोठ्या तळ्यापलीकडच्या लढाईतून पळालेला. पोटाला घट्ट फडकं बांधलेलं, पांढराफटक. पाणी मागितलं, दिलं. म्हटलं, हा काही उद्याचा सूर्य बघत नाही, थांबू इथेच, चिलखत मिळेल. पण तो उठला आणि शिमोदाकडे गेला. पहिल्याच घरात शिरला. मग बाहेर आलेला दिसला नाही."

"पहिलं घर कुणाचं?"

उत्तर मी दिलं. पहिलं घर कामेचं होतं.

४

संन्यासिनीला शोकाच्या घरात कुणी अडवत नाही. तरी कामे दारातच उभी राहिली.

"मंत्र म्हणा माई, पण त्याला मीच आंघोळ घालणार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"मुलगा तुझा, हात तुझाच लागू दे. मी नुसतं पाणी ओतते," माई म्हणाल्या आणि तिच्या काखेखालून आत शिरल्यासुद्धा.

प्रेत उत्तरेकडे खांदे करून ठेवलं होतं. उशाशी उदबत्ती आणि भाताचा उंच रचलेला वाडगा, त्यात जेवायच्या काड्या उभ्या खोचलेल्या. सगळं रीतीप्रमाणे. माईंनी सदऱ्याची गळपट्टी बोटांत धरून उलटी केली, बघितली, परत नीट केली. मग पाणी ओतताना छातीपासून कंबरेखालपर्यंत एकदा नजर टाकली. मी लाजून दुसरीकडे बघितलं. एवढ्या वयाच्या बाईने असं बघावं?

दुसरीकडे बघितलं, म्हणून मला ते दिसलं. उशाचा वाडगा कोरा, पांढऱ्या लाकडाचा होता. आणि गेनताचा रोजचा काळा वाडगा, कडेला टवका उडालेला, तो फळीवर धुऊन पालथा घातलेला होता.

आता हे चुकलंच होतं. मेलेल्याचा भात त्याच्याच वाडग्यात वाढायचा असतो. घरातून प्रेत निघालं की तो वाडगा उंबऱ्यावर फोडायचा, म्हणजे गेलेला जेवायला परत येत नाही. मला वाटलं, दुःखात बिचारीचं भान गेलं असेल. मी मदत करावी म्हणून फळीकडे हात केला.

"हात लावू नका त्याला!"

कामे अशी किंचाळली की माझा हात हवेतच राहिला. तिने वाडगा उचलून पदराखाली घेतला.

माई शांतपणे उठल्या. आणि मग एकदम, बहिऱ्याशी बोलावं तशा खणखणीत आवाजात बोलायला लागल्या. "कामे! परवा सकाळी हिकोजीला बंधाऱ्यावर आणणार आहेत! पंखे करणारा हिकोजी! गेनताच्या खुनाची भरपाई म्हणून! दोसाई त्याचं मुंडकं उडवणार आहे! त्याची एक लेक आहे, साया! तिला दुसरं कुणी नाही!"

"माई, हळू बोला ना," कामे रडकुंडीला येऊन म्हणाली. "ऐकू येतं मला. मला हे माहीत आहे."

"तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे," माई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

मला काही कळेना. फक्त एवढं दिसलं, की माई सबंध वेळ कामेकडे नाही, वर माळ्याकडे बघून ओरडत होत्या.

५

टेकडी चढताना माईंनी सांगून टाकलं. "तोरा, तो गेनता नाही."

मी धपकन दगडावर बसले.

"जिवंत माणसाचं मुंडकं उडालं तर रक्ताने गळपट्टी भिजते. नुसतं ओढ्यात पडून तागात मुरलेलं रक्त पुरतं जात नाही, एवढं तर कपडे धुणारी कुठलीही बाई सांगेल. त्या गळपट्टीवर एक थेंब नाही. म्हणजे माणूस आधी मेला, सदरा नंतर चढला, आणि मुंडकं त्याही नंतर कापलं. मेलेला माणूस रक्त देत नाही. मी इतकी मुंडकी धुतलीत, मला हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही."

"आणि तुम्ही कंबरेखाली बघत होतात ते?"

"लंगोट बघत होते. शेतकऱ्याचा लंगोट कंबरेला संपतो. चिलखत घालणाऱ्याला कंबरेत हात घालता येत नाही, म्हणून त्याचा लंगोट छातीवरून वर नेऊन गळ्यात अडकवतात. याचे बंद छातीपर्यंत आलेत आणि तिथे कापलेत. तो कुमाने बघितलेला भालेकरी. सगळे कपडे बदलले, पण परक्या पुरुषाचा लंगोट सोडायला कामेचा हात धजला नाही. बाईमाणूस आहे शेवटी."

"पण मग गेनता? त्यालाही कुणी मारलं असेल!"

"वाडगा तू बघितलास ना? मी तर तो तुझ्यामुळेच बघितला. जगात असलेल्या मुलाचा वाडगा कुठली आई फोडेल? सगळं नाटक तिने नीट वठवलं. मुंडकं कापू दिलं, रडली, प्रेत ओळखलं. फक्त तेवढं एक तिच्याने होईना."

मग मला उलगडायला लागलं. आठच दिवसांपूर्वी आमच्या मुलखाच्या सरदाराच्या किल्ल्यावरून हुकूम आला होता, की पावसाळ्यानंतरच्या मोहिमेला घरटी एक माणूस द्या. कामेच्या घरात एकच उरला होता. तो भालेकरी तिच्या दाराशी मरायला आला. बांधा गेनताएवढाच. माय-लेकांनी ठरवलं असणार, की लोक म्हणतील, इनामासाठी भटक्या शिपायांनी कापला. मेलेल्याला मोहिमेवर कोण बोलावतंय? आदल्या दिवशी तोझो काय बरळला होता ते पुढे त्यांच्या गळ्याशी येईल, हे त्यांना सुचलंच नाही.

"मग चला दोसाईकडे! सगळं सांगू, हिकोजी सुटेल!" मी उठले.

"बस खाली. सांगितलं की किल्ल्यावर कळणार. गेनताची मान जाईल, कामेचं घर जळेल, आणि प्रमुख म्हणून दोसाईही जाईल. एक मान वाचवायला तीन द्यायच्या? मी ते हिशेब किल्ल्यात सोडून आले."

"मग हिकोजीला मरू द्यायचं?"

"ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगून आले आहे. आई त्याला हे कळू देत नव्हती. आता तो आला तर त्याची मान जाईल, नाही आला तर हिकोजीची. तिसरं काही व्हायचं असेल तर ते दोन्ही गावांच्या हातात आहे." माईंनी काठी टेकून टेकडीखाली बघितलं. "मला भीती वाटतेय, तोरा."

६

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या अल्याड आम्ही आणि पल्याड ते, दोन्ही गावं झाडून उभी होती. हिकोजीचे हात मागे बांधले होते. साया माझ्या कमरेला घट्ट चिकटली होती.

"काकी, उन्हात उभं राहू नका," हिकोजी जाता जाता म्हणाला. "मिसोला ऊन चालतं, तुम्हाला चालत नाही."

तो बंधाऱ्यावर गुडघे टेकून बसला. दोसाईने तलवार काढली.

"थांबा!" कामे पुढे आली. "मी आई आहे. मी याचं तोंड बघितलं. मी याला सोडलं."

"वहिनी, तुमचं मन मोठं आहे," दोसाई म्हणाला. "पण आज याला सोडला तर उद्या ते दुसरा मारतील. तुम्ही आई आहात, मी प्रमुख आहे. बाजूला व्हा."

त्याने तलवार उचलली. सायाने माझ्या पोटात तोंड खुपसलं.

"काका!"

शिमोदाच्या बाजूने कुणीतरी पळत येत होतं. अंगाला भुसा, केसांत कोळिष्टकं, डोळे उन्हाने मिटलेले. माळ्यावरून उतरून तो तसाच धावत आला होता. बंधाऱ्यावर येऊन तो हिकोजीच्या पुढ्यात उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "त्याला सोडा. मी..."

"गप्प!" दोसाई म्हणाला.

दोसाई त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा हात खाली आला. मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याची हनुवटी लटपटत होती, पण आवाज प्रमुखाचाच होता.

"हा माणूस कोण?" त्याने आपल्या गावाला विचारलं. "कुणी ओळखतं याला?"

मग एक म्हातारा खाकरला. "माझ्या ओळखीचा नाही बुवा."

"माझ्याही नाही," दुसरा म्हणाला. सुईण, जिने गेनताला जगात आणलं, ती म्हणाली, "पहिल्यांदाच बघतेय." एकेक करत सगळं शिमोदा हेच म्हणालं.

मग दोसाई आमच्याकडे वळला. "आणि तुम्ही?"

आता सगळ्यांची तोंडं तोझोकडे फिरली. किल्ल्यावर एक शब्द गेला की शिमोदा संपलं, आणि ओढ्याचं सगळं पाणी आमचं. ज्या पाण्यासाठी आमचे आजे भांडले, बाप भांडले, ते सगळं. तोझोला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने गेनताला खालून वर न्याहाळलं.

"याला मी जन्मात पाहिलं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण खांदा बरा दिसतोय. पाटातला गाळ काढायला आम्हाला माणूस लागतोच. तुम्हालाही लागत असेल."

कामे डोळे पुसत म्हणाली, "परका आहे बिचारा. माझं घर रिकामंच आहे. राहील तर राहू दे." आणि त्याच्याकडे बघून पुढे म्हणाली, "पण खाणारा दिसतोय मेला."

पहिल्यांदा कोण हसलं कुणास ठाऊक. दोन्ही काठ हसले. माईंनी तिथेच सगळ्यांना शपथ घ्यायला लावली. कागद लिहिला, जाळला, राख देवळाच्या पाण्यात कालवली, आणि दोन्ही गावांनी एकाच पातेल्यातून एकेक घोट घेतला. त्या भालेकऱ्याचं मुंडकं कुठे पुरलंय ते परक्याने माईंना कानात सांगितलं. त्याच्या धडापाशी ते ठेवून माईंनी त्याला नीट अग्नी दिला. त्याचीही कुठेतरी आई असेल.

हे सगळं होईपर्यंत हिकोजी तसाच बांधलेला होता! सगळे विसरलेच होते. दोसाईने स्वतः दोर कापला.

"रीतीप्रमाणे भरपाईचा माणूस आमचा झाला," तो हिकोजीला उठवत म्हणाला. "पंखे बनवतोस ना? ठेवून घ्यावा म्हणतो."

आमचे पंच एकमेकांकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोझो पाण्यात उतरला, बंधाऱ्यापर्यंत गेला आणि हिकोजीच्या दंडाला धरलं.

"ठेवून कसला घेता? द्या परत. आमचा माणूस आहे तो."

मरायला जाताना हसणारा हिकोजी तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.